खिळ्यावर थांबलेली नावे

संकेतस्थळावर 'फीड' द्यायचे की नाही, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या एखाद्या कचेरीत चहा थंड होण्याआधी निकालात निघाला असता. महाडच्या आमच्या साप्ताहिकात त्याला दहा-अकरा महिने लागले. पहिले सहा महिने सगळे 'नाही' म्हणत होते आणि मी एकटी 'हो' म्हणत होते. सातव्या महिन्यात सगळे 'हो' म्हणाले आणि 'नाही' मी म्हटले. त्या 'नाही'बद्दल मला आजही कोणी हेकट म्हणते, कोणी शिष्ट. दोन्ही मान्य. पण त्या काळात जे घडले त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी पोलादपूर तालुक्यातली. डोंगरमाथ्यावरच्या ज्या वाडीत माणसांपेक्षा गुरे जास्त, तिथून खाली उतरून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, पुढे संगणकाचा एक अभ्यासक्रम केला, आणि दोन वर्षांचा अनुभव घेऊन मोठ्या शहरात जायचे असे ठरवून दोन हजार सहा साली या साप्ताहिकाचे संकेतस्थळ सांभाळू लागले. कचेरी चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर, छापखान्याच्या माडीवर. मालक आणि संपादक एकच, साठीचे अण्णा. ते मला 'शास्त्रज्ञबाई' म्हणत. पहिल्या महिन्यात त्या शब्दात कौतुक होते. पुढे तो टोमणा झाला.

आमचे संकेतस्थळ महाडात कोणी वाचत नसे, कारण महाडात छापील अंक मिळे. वाचणारे होते मुंबईला गेलेले आणि आखातात गेलेले. पहिल्या पानावर अण्णांचा अग्रलेख असे, उद्घाटनांची छायाचित्रे असत. वाचक ते सारे ओलांडून थेट निधनवार्तांच्या पानावर जात. हे अण्णांना ठाऊक होते आणि आवडत नव्हते.

एके दिवशी एक ई-पत्र आले. मराठी, पण रोमन लिपीत. लिहिणारा नझीर, दासगावचा, आखातातल्या एका कंपनीच्या गोदामात मालाच्या नोंदी ठेवणारा. ते पत्र मला आजही शब्दश: आठवते.

"ताई, तुमचं पान आमच्या ऑफिसात वाचता येत नाही. तुमचा फॉन्ट इथल्या संगणकात चढवायला परवानगी नाही. मागे सुट्टीवर आलो होतो तेव्हा तुमच्याकडे कोणा दुसऱ्या हलीमाबींची निधनवार्ता होती. परत आल्यावर तेच पान इथे उघडलं आणि त्या नावाच्या जागी जी वेडीवाकडी चिन्हं दिसली ती कागदावर उतरवून घेतली. माझ्या अम्माचं नावही हलीमा. ती आजारी आहे. फोनवर सगळे म्हणतात, बरी आहे. फोनवर सगळे नेहमी बरेच असतात. म्हणून दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्या पानावर ती चिन्हं शोधतो. सापडली नाहीत की पान बंद करतो. तुम्ही आरएसएस फीड द्याल का? फीड इथे नीट मराठीत दिसतं."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या काळी मराठी संकेतस्थळ वाचायचे तर त्या-त्या स्थळाचा फॉन्ट आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागे. तो नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांचा सडा दिसे. फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक साधी फाईल. नवे काही चढले की त्याचा मथळा, दोन ओळी, तारीख आणि दुवा तीत जमा होतो. वाचकाच्या संगणकावरचा एक छोटा प्रोग्राम ती फाईल ठरावीक वेळाने तपासतो आणि नवे काही असेल तर समोर आणून ठेवतो. पानावर त्याची खूण म्हणून एक नारिंगी चौकोन असतो. 'आरएसएस' या तीन अक्षरांवरचे सगळे विनोद मी ऐकलेले आहेत. त्यांपैकी एकही इथे देणार नाही.

माझा निष्कर्ष सरळ होता. मजकूर नव्या, सर्वत्र दिसणाऱ्या लिपी-पद्धतीत आणायचा आणि फीड द्यायचे. खर्च शून्य, काम माझे. विरोधाला जागा कुठे होती?

होती. पानाच्या तळाशी काळ्या चौकटीत भेटींचा आकडा फिरत असे. जाहिरातदार आला की अण्णा त्याला तो आकडा दाखवत.

"लोकांना घरबसल्या मथळे मिळाले तर ते आपल्या साईटवर कशाला येतील? आकडा कसा वाढेल, शास्त्रज्ञबाई?"

मी महिन्याभराच्या नोंदी काढल्या. कोणत्या संगणकावरून किती वेळा पान उघडले गेले, हे सर्व्हरवर लिहिलेले असते.

"अण्णा, गेल्या महिन्यात आपल्या साईटला सगळ्यांत जास्त भेटी कुठून आल्या, माहीत आहे?"

"दुबईहून असतील."

"तुमच्या टेबलावरून."

ते क्षणभरही गडबडले नाहीत. "मग? मी वाचक नाही?"

वाचक! सकाळी आल्यावर, जेवणानंतर आणि जाहिरातदार जिना चढत असताना पान पुनःपुन्हा ताजे करणारा वाचक! ज्या आकड्याच्या बचावासाठी एका माणसाला आईचे नाव टक्क्याच्या चिन्हांत शोधावे लागत होते, तो आकडा असा तयार होत होता. मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवून आले. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

लिपी मात्र मी बदलली. त्यासाठी परवानगी मागितली नाही, कारण कोणाला कळलेच नाही. दोन महिने भारनियमनाच्या वेळा सांभाळून जुने पान नव्या पद्धतीत आणले. त्या शनिवारी नझीरचे पत्र आले : "आज सगळं वाचता आलं. अम्माचं नाव नाही. शुक्रिया, ताई." त्यानंतर दर शनिवारी अशी एक ओळ येऊ लागली. माझ्या कामाची एवढी शुद्ध पोचपावती मला पुढेही कधी मिळाली नाही.

फीडला दुसरा विरोध आला तो धोंडूकाकांकडून. हे आमच्या शेजारच्या वाडीचे. मुंबईला गिरणीत आयुष्य गेले, आता वाडीच्या मुंबई मंडळाचे चिटणीस. गावी आले की मंडळाच्या बातम्या द्यायला कचेरीत येत. मी त्यांना फीड समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि आमच्या अभ्यासक्रमात कोणी सांगितले नव्हते ते एका दमात सांगितले.

"पोरी, तुझी येबसाईट म्हंजे चावडीवरची पाटी. ज्याला वाचायची हाय तो जाईल, वाचील. ज्याला नाय वाचायची तो वाट वाकडी करील. ह्ये तुझं नवं तर दारात येऊन वरडणार. मंग मानसानं 'मी आयकलं नाय' असं म्हनायचं कसं?"

"पण ऐकलं नाही असं म्हणायचंच कशाला, काका?"

"काय गो, वाडीतलीच ना तू? सुतक कानातून येतं. गेल्या सालाला माझ्या पोराची हळद, आनि त्याच दिवशी चुलता ग्येला. आयकलं असतं तर मांडव मोडला असता. अण्णांनी चिठ्ठी थांबवली. लगीन लागलं, सत्यनारायण झाला, मग आमी आयकलं." आणि हसून पुढे म्हणाले, "आमच्यात मानूस मरतो येगळ्या दिवशी, आनि आमी आयकतो येगळ्या दिवशी."

'चिठ्ठी थांबवली' म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. अण्णांच्या खुर्चीमागे भिंतीत एक खिळा होता आणि त्याला कागदांचा एक चिमटा अडकवलेला. मी समजत होते की त्यात विजेची बिले आहेत. त्या निधनवार्तांच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात अण्णांच्या अक्षरात एकच शब्द : थांब. कुठे हळद होती, कुठे दहावीची परीक्षा, कुठे आखातातला करार. घरच्यांनी 'आता चालेल' म्हणेपर्यंत ते माणूस आमच्या अंकात मरत नसे.

"मग चिठ्ठी आणतातच कशाला?" मी अण्णांना विचारले.

"छापण्यासाठी नव्हे. दुसऱ्या कोणी आणली तर छापू नये म्हणून," ते म्हणाले. "हे काम कॉलेजात शिकवत नाहीत. चाळीस वर्षं लोकांनी माझ्यावर भरवसा टाकलाय तो ह्या खिळ्यामुळे."

माझा स्वर चढला, हे मी नाकारत नाही. त्याला कारण होते. एम.एस्सी.च्या शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी माझी आत्या गेली. तिने शेळ्या विकून माझ्या वसतिगृहाचे पैसे भरले होते. मला कळवले ते परीक्षा संपवून मी वाडीत पोचल्यावर, तिच्या दिवसकार्याच्याही नंतर. मला गुण उत्तम मिळाले होते. घरचे आजही ते गुण पुरावा म्हणून दाखवतात : बघ, सांगितलं नाही म्हणूनच मिळाले. प्रयोग ज्यांनी केला त्यांनीच निष्कर्षही काढला, आणि ज्याच्यावर केला त्याला कोणी विचारले नाही.

सातव्या महिन्यात, एका बुधवारी, इस्माईलभाई जिना चढून आले. यांचे ट्रक औद्योगिक वसाहतीतला माल वाहतात, महाडात त्यांना सगळे ओळखतात. ते नझीरचे थोरले भाऊ आहेत हे मला त्यांनी पुढे केलेली चिठ्ठी वाचल्यावर समजले. हलीमाबी, दासगाव. तारीख आदल्या दिवशीची.

"थांबवा, अण्णा," ते म्हणाले. डोळे सुजलेले होते. "नझीरचा करार पुरा व्हायला चार म्हैने हायत. कळलं तर सगळं टाकून यील. पासपोर्ट कंपनीकडं, मधेच निघाला तर परत कोन घेनार त्याला? आनि यिऊन करनार काय? माती तर कालच झाली."

अण्णांनी लिहिले : थांब.

"इस्माईलभाई," मी म्हटले, "ते दर शनिवारी आमचं पान बघतात. केवळ यासाठीच बघतात."

"म्हनून तर आलो, ताई." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तो तिकडं एकटा. रडायला खांदा कोनाचा? तुमी सांगा."

मला राग आला होता तो या माणसाचा नव्हे, हे लिहून ठेवले पाहिजे. राग होता त्या व्यवस्थेचा, जी दु:ख वाटून घेण्याच्या नावाखाली ज्याचे ते असते त्यालाच वगळते. आणि त्या व्यवस्थेत टंकलेखन मी करत होते.

शनिवारी पत्र आले : "नाव नाही. शुक्रिया, ताई."

पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी थोडे मोठे : "फोनवर म्हणतात अम्मा बिरवाडीला खालाकडे, तिच्या बहिणीकडे, गेली आहे. तिला तर जिना चढवत नव्हता. पण तुमच्याकडे नाव नाही, म्हणजे असेल बिरवाडीला. तुमच्यावर भरवसा आहे."

सोमवारी अण्णा प्रसन्न चेहऱ्याने आले. कोणा संचालकाच्या पुण्याहून आलेल्या मुलाने त्यांना विचारले होते, तुमच्या साईटला ती नारिंगी खूण कशी नाही? शेजारच्या तालुक्यातल्या साप्ताहिकाला आहे म्हणे.

"लावून टाका हो तुमचं ते फीड! तुमचंच तर म्हणणं होतं. सगळी पानं घ्या. निधनवार्ता आधी, लोकांना त्याच हव्यात."

"नाही," मी म्हटले.

"आता काय झालं?"

"ज्या दिवशी फीडमध्ये काही येणार नाही त्या दिवशी वाचक समजेल की काही घडलं नाही. आपल्याकडे तसा अर्थ होत नाही. पान निदान उघडावं तरी लागतं. फीड दर तासाला त्याच्या टेबलावर जाऊन 'सगळं ठीक आहे' असं सांगेल. मी खोटं बोलणारं यंत्र बसवणार नाही."

"सहा महिने डोकं खाल्लंत माझं!"

"खाल्लं. तेव्हा मला खिळा माहीत नव्हता."

प्रयोगशाळेत एखाद्या मापकाचा शून्य चुकलेला असला तर तो मापक फेकून देत नाहीत. त्यावर तशी चिठ्ठी डकवतात. मी तेवढेच केले. त्या शुक्रवारी अंकाचे पान चढवताना निधनवार्तांच्या डोक्यावर एक ओळ घातली : 'या पानावर एखादे नाव नाही, याचा अर्थ ती व्यक्ती हयात आहे असा नाही. नोंदी कुटुंबाच्या संमतीनंतरच प्रसिद्ध होतात.' कोणाचे नाव फोडले नाही. एकही चिठ्ठी खिळ्यावरून काढली नाही. आमच्या पानाबद्दलचे एक सत्य पानावर लिहिले, इतकेच.

शनिवारी संध्याकाळी अण्णा माझ्या टेबलाशी उभे राहिले. "ही ओळ काढा."

"तिच्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही म्हणूनच काढा. मंडळाच्या लोकांचे सकाळपासून फोन येतायत. प्रत्येक जण घरी फोन करून विचारतोय, सगळे आहेत ना? आणि समोरचा दोन क्षण गप्प बसला तरी इकडे रडारड. शास्त्रज्ञबाई, तुम्ही एका ओळीत दोन तालुके हलवलेत."

त्यांनी समोर उभे राहून ती ओळ मला काढायला लावली. त्या शनिवारी नझीरचे पत्र आले नाही.

आले ते सोमवारी. दोन शब्द : "तारीख सांगा."

मी खिळ्याकडे गेले, चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि पाठवली. फक्त तारीख. विचारलेल्या प्रश्नाला अचूक उत्तर. या सगळ्या प्रकरणात मला खेद वाटतो तो याच पत्राचा. मला सांत्वनाचे शब्द सुचले नाहीत, म्हणून मी प्रयोगवहीत लिहावे तसे उत्तर लिहिले. आयुष्यभर अचूकतेचा अभिमान बाळगलेल्या माणसाला असे कधीतरी लाजावे लागते.

इस्माईलभाई दुसऱ्या दिवशी आले. "ताई, तुमी केलंत काय? तुमचा भाऊ असता तर असं केलं असतंत?"

"माझी आत्या होती," मी म्हटले. त्यांना संदर्भ कळला नाही. मीही सांगितला नाही.

अण्णांनी मला कामावरून काढले नाही, कारण संकेतस्थळ दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हते. बोलणे मात्र बंद केले. ओळ लागल्याशिवाय फीड नाही, हे माझे. आणि ओळ लागणार नाही, हे त्यांचे. नारिंगी चौकोनाविना आणखी तीन महिने गेले. शहरातल्या एका नोकरीचा अर्ज मी या काळात भरून ठेवला आणि पाठवला नाही. हे प्रकरण असे अर्धवट टाकून जाणे मला शक्य नव्हते.

आणि नझीर आला नाही. सगळे टाकून पळून येईल, अशी ज्या माणसाबद्दल सर्वांची खात्री होती, तो कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत कामावर गेला. ज्या गृहीतावर हा सगळा डोलारा उभा होता ते गृहीत चुकले होते. त्याची नोंद महाडात कोणीही घेतली नाही, म्हणून इथे घेते आहे.

सुट्टीवर आल्यावर तो भावाला घेऊन कचेरीत आला. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा. अण्णांनी चहा मागवला. नझीरने चहाला हात लावला नाही.

"ती चिठ्ठी हाय का अजून?"

अण्णा उठले, चिमटा काढला, त्यांनी स्वत: चिठ्ठी शोधून त्याच्या हातात दिली. नझीर बराच वेळ कोपऱ्यातल्या शब्दाकडे बघत राहिला.

"हे कोनी लिवलं?"

"मी सांगितलं होतं," इस्माईलभाई म्हणाले.

"लिहिलं मी," अण्णा म्हणाले.

"भाई, तुला वाटलं मी पळून यीन. मी समजू शकतो." नझीरचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरे झाले असते. "पन नाव नसायचं त्या शनिवारी मी खूश व्हायचो. रूमवरच्या पोरांना चहा पाजायचो. अम्मा जाऊन चार दिवस झालेले, आनि मी चहा पाजतोय. असे तीन शनिवार. ते कुनी परत घेनार हाय का?"

इस्माईलभाईंनी तोंडावर रुमाल धरला. अण्णा खिडकीकडे बघत होते. माझ्याकडे न वळता ते म्हणाले, "ती तुमची ओळ. लावा परत."

"आणि फीड?"

"दोन्ही लावा."

ओळ लावायला एक मिनिट लागले, फीड सुरू करायला दहा. फाईल सात महिन्यांपासून तयारच होती, आणि छापलेल्या निधनवार्ता मी तीत मृत्यूच्या तारखेने जमा करत आले होते. नझीर माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. पहिली नवी नोंद त्याच्या अम्माची करायची होती. मथळा घातला. मग तारखेचा रकाना आला. प्रोग्राम तिथे आपण होऊन आजची तारीख घालतो. मी ती पुसली आणि चिठ्ठीवरची घातली.

फीड वाचणारे प्रोग्राम नोंदी तारखेप्रमाणे लावतात. नोंद पाठवली, यादी ताजी केली. हलीमाबींचे नाव वर आले नाही.

अण्णा पुढे झाले. "हे काय? इतक्या खाली गेलं तर दिसणार कोणाला?"

नझीर वाकून पडद्यावरून बोट खाली सरकवत होता : चार महिन्यांत गेलेल्या, वेळेवर छापलेल्या सगळ्या नावांवरून, एकेक करून खाली. एका जागी बोट थांबले. आधीचे नाव सोमवारचे होते, नंतरचे बुधवारचे.

"हां," तो म्हणाला. "इथंच."